जुने दुखणे आणि नवा ताप

मे महिना सरत आला की दवाखान्यातली गर्दी थोडी ओसरते. ऊन लागलेले, जुलाबाचे, लग्नाच्या जेवणांनी पोट बिघडलेले असे रुग्ण येतात आणि दोन दिवसांत बरे होऊन जातात. मग मृगाचे दोन शिडकावे पडतात, शाळा भरतात आणि पंधरा दिवसांत बाकडी तापाच्या रुग्णांनी भरून जातात. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे सोलापूरच्या पूर्व भागात मी हे पाहत आलो आहे. साथ आल्यावर वाचायला कोणाला सवड नसते आणि लिहायला मला नसते, म्हणून हा विषय आत्ताच घेतो.

आजचा मजकूर सगळ्यांसाठी नाही. ज्यांना मधुमेह आहे, हृदयाचे दुखणे आहे, दमा किंवा वर्षानुवर्षांचा खोकला आहे, मूत्रपिंड अधू आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, सांध्यांसाठी किंवा अन्य कशासाठी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, अशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तो आहे. गरोदर स्त्रिया, पासष्टीच्या पुढची माणसे आणि फार स्थूल व्यक्ती यांनाही मी याच रांगेत बसवतो. बाकीच्यांनी वाचून शेजारच्या काकांना सांगितले तरी चालेल.

करोनाच्या दोन वर्षांत एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आणि बोललोही. कोणी गेल्याची बातमी आली की पाठोपाठ कोणीतरी म्हणे, ‘त्यांना आधीच शुगर होती.’ रोज संध्याकाळी प्रसिद्ध होणाऱ्या सरकारी आकड्यांतही मृतांपैकी इतक्या जणांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार होता अशी ओळ असे. वैद्यकीय दृष्टीने ती माहिती आवश्यकच होती. पण लोकांच्या तोंडी तिचा अर्थ निराळा झाला. म्हणणाऱ्याला धीर मिळे की, मला शुगर नाही, म्हणजे मी वाचणार. आणि गेलेल्या माणसाचा हिशेब जणू आपोआप चुकता होई. जणू तो जाणारच होता, विषाणूने फक्त निमित्त पुरवले.

मला हे वाक्य तेव्हाही खटकत होते, आजही खटकते. पंचावन्न वर्षांचा मधुमेही माणूस, गोळ्या घेतो, कामावर जातो, मुलीच्या लग्नाची जुळवाजुळव करतो आहे. त्याला अजून पंधरा-वीस वर्षे सहज मिळाली असती. माझ्याकडे वीस-बावीस वर्षे मधुमेह घेऊन हिंडणारे, नातवंडांना शाळेत सोडणारे कितीतरी आजोबा आहेत. मधुमेह होता म्हणून तो गेला हे अर्धेच खरे. मधुमेह असूनही चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ताप अंगावर काढला, म्हणून गेला, हे त्यातले उरलेले अर्धे. ‘आधीच शुगर होती’ हे वाक्य बोलायचेच असेल तर ते तापाच्या पहिल्या दिवशी, डॉक्टरच्या टेबलासमोर बोलायला हवे. स्मशानातून परतताना ते बोलून कोणाचा काय उपयोग?

आता आकडे पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने ४४,६७२ निश्चित रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांना कोणताही जुना आजार नव्हता अशा शंभरांमागे एकाहून किंचित कमी, म्हणजे ०.९ मृत्यू. मधुमेहींमध्ये हेच प्रमाण ७.३, फुफ्फुसाच्या जुन्या विकारात ६.३ आणि हृदयविकार असलेल्यांत १०.५. यातला सगळा फरक आजारामुळेच पडला असे मात्र समजू नये. जुने आजार वयाबरोबर येतात आणि वयाचा धोका त्यात मिसळलेला असतो. शिवाय याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचा. शंभर मधुमेहींमधले बाण्णव-त्र्याण्णव जण बरे होऊन घरी गेले. घाबरून हातपाय गाळण्याचे कारण नाही. पण ‘साधा ताप आहे, बघू दोन दिवस’ म्हणण्याचेही नाही.

ही गोष्ट करोनापुरती नाही. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र रुमाल बांधून फिरत होता. वर्षभराने भीती गेली, विषाणू मात्र गेला नाही. तो नेहमीच्या फ्लूसारखा आपल्यातच राहिला. २०१५ मध्ये त्याने देशात जवळपास तीन हजार माणसे नेली. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात सातशेहून अधिक. त्या वर्षी आपण रुमाल बांधले होते का, आठवून पाहा.

शरीरात नेमके काय होते ते थोडे समजून घेऊ. रक्तात साखर सतत जास्त राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. संख्येने त्या पुरेशा असतात, पण वेळेवर पोचत नाहीत आणि पोचल्या तरी नीट काम करत नाहीत. त्यात ताप आला की शरीर स्वतःच साखर वाढवणारी संप्रेरके सोडते. त्यामुळे माणूस दोन दिवस पेजेवर असला तरी त्याची साखर दोनशेवरून साडेतीनशेवर जाते. ‘डॉक्टर, काही खाल्लंच नाही, मग शुगर वाढली कशी?’ हा प्रश्न मला दर पावसाळ्यात निदान पन्नास वेळा येतो. साखर वाढली की लघवी वाढते, अंगातले पाणी कमी होते, रक्त दाट होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. विषाणूचा बंदोबस्त राहतो बाजूला, ह्या फेऱ्यातच रुग्ण खचतो.

हृदयाचे गणित आणखी सरळ आहे. ताप एक अंश सेल्सियसने वाढला की नाडीचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. १०२ फॅरनहाइट ताप म्हणजे जवळजवळ वीस ठोके जादा. दिवसभर ताप राहिला तर चोवीस तासांत अठ्ठावीस हजारांवर जादा ठोके झाले. तरुण हृदय हे हसत सोसते. ज्याची एक रक्तवाहिनी सत्तर टक्के बंद आहे किंवा ज्याचा पंप आधीच अर्ध्यावर आला आहे, त्याला ते कसे झेपणार? शिवाय विषाणूशी लढताना रक्तात जो दाह होतो, त्याने रक्तवाहिनीतला जुना चरबीचा थर फुटण्याची आणि त्यावर गुठळी होण्याची भीती असते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवीच्या सहापट आढळला. आपल्याकडे असा माणूस गेला की ‘अ‍ॅटॅक आला’ एवढेच सांगितले जाते. त्याआधीचे चार दिवस ताप-खोकला होता, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

फुफ्फुसांविषयी आपल्या शहरात वेगळे सांगावे लागते. येथे यंत्रमागाच्या खात्यात तीस-तीस वर्षे सुताचा कोंडा नाकातोंडात घेतलेले कामगार आहेत, घरात बसून तंबाखूच्या धुरळ्यात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. चुलीचा धूर अनेकींच्या वाट्याला लहानपणापासून आलेला. त्यातल्या बऱ्याचजणींनी आयुष्यात एकही विडी ओढलेली नाही, तरी जिना चढताना दम लागतो. ‘वय झालं’ म्हणून त्या सोडून देतात. खरे तर फुफ्फुसांची शिल्लक संपत आलेली असते. एरवीच्या कामाला ती पुरते. न्यूमोनिया झाला की पुरत नाही. अशा बाईला आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नसते, त्यामुळे ‘जुना आजार काही आहे का?’ असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणून सांगते. म्हणून मी विचारतो, ‘अक्का, गेल्या दिवाळीत दुसऱ्या मजल्यावर न थांबता जात होता का?’ उत्तर मिळते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांनी तापात कोणतीही वेदनाशामक गोळी मेडिकलमधून स्वतः आणू नये. डायलिसिसचा वार तापामुळे चुकवू नये. आधी फोन करून ताप असल्याचे सांगावे आणि जावे.

रक्तदाबाविषयी लोक फार विचारतात. नुसता रक्तदाब, तोही गोळ्यांनी ताब्यात असलेला, एवढ्याने फार घाबरू नये. अनेक वर्षे गोळ्या न घेता वाढू दिलेल्या रक्तदाबाने हृदय आणि मूत्रपिंड पोखरले असेल तर मात्र तो माणूस वर सांगितलेल्या रांगेत आला.

आता मुद्द्यावर येतो. ‘ताप तीन दिवस बघावा, मग डॉक्टरकडे जावे’ हा आपल्या घराघरातला नियम आहे, आणि धडधाकट माणसासाठी तो वाईट नाही. बहुतेक विषाणूजन्य ताप तीन-चार दिवसांत आपोआप उतरतात. अशा माणसाने पॅरासिटामॉल घ्यावी, पाणी प्यावे, झोपावे आणि माझी फी वाचवावी. जुने दुखणे असलेल्यांना हा नियम लागू नाही. त्यांनी ताप, घसा, खोकला, अंगदुखी सुरू झाली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवले पाहिजे.

याला कारण आहे. फ्लूवर ओसेल्टामिवीर नावाचे औषध आहे. त्याचा खरा उपयोग पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर होतो. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने स्वाइन फ्लूच्या रुग्णांची अ, ब आणि क अशी वर्गवारी करून दिलेली आहे. अ वर्गाला तपासणी नको, हे औषधही नको. एक-दोन दिवसांत पुन्हा पाहायचे. क वर्ग म्हणजे दम लागलेला, छातीत दुखणारा, ग्लानीतला रुग्ण; त्याला दाखल करायचे. मधल्या ब वर्गाचा दुसरा भाग आपल्या कामाचा. लक्षणे सौम्य असली तरी रुग्णाला मधुमेह, हृदय, फुफ्फुस, यकृत किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तो गरोदर किंवा पासष्टीपुढचा असेल, स्टेरॉइडवर असेल, तर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे महागडी तपासणी परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारणच उरत नाही. पण यासाठी रुग्ण दोन दिवसांत यायला हवा आणि आल्यावर आपल्याला काय काय आहे ते सांगायला हवे. प्रत्येक तापाला हे औषध लागत नाही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्रा कमी करावी लागते, तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नये.

सांगण्याचीच तर मोठी अडचण आहे. मधुमेह लपवणारा समाज आहे आपला. मुलीचे जमायचे आहे म्हणून आई लपवते, वाहन चालवायचे लायसन्स म्हणून ड्रायव्हर लपवतो, सून हसेल म्हणून सासू लपवते. १ मार्च २०२१ ला सरकारने साठीपुढच्यांबरोबर ४५ ते ५९ वयातल्या आजारी व्यक्तींना करोनाची लस द्यायला सुरुवात केली. त्यासाठी वीस आजारांची यादी आणि डॉक्टरचे प्रमाणपत्र लागे. त्या आठवड्यात माझ्याकडे कोण कोण आले म्हणता! आदल्या महिन्यापर्यंत ‘मला काही नाही’ म्हणणारी मंडळी खिशातून जुने रिपोर्ट काढून ‘डॉक्टर, माझी शुगर लिहा’ म्हणत होती. लसीसाठी सांगता आले ते तापात सांगायला कसली लाज?

पूर्व भागातल्याच एका विडी कामगार बाईंची हकिगत सांगतो. वय बावन्न, नऊ वर्षांचा मधुमेह. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळत, पण मधले दोन महिने साठा नाही म्हणून परत पाठवले गेले. मग बाहेरून आणलेल्या गोळ्या त्या एक दिवसाआड घेऊ लागल्या. ताप आला तेव्हा कारखान्यात माल द्यायचा दिवस दोन दिवसांवर होता. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असते. बसले नाही तर पैसे नाहीत. त्यांनी मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या, विड्या पुऱ्या केल्या आणि पाचव्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात टाकून माझ्या दवाखान्याची पायरी चढल्या. ऑक्सिजन ८४, साखर ४३०. ‘ताप उतरंना झालाय बघा,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी पंधरा मिनिटांत त्यांना सिव्हिलला पाठवले. अकरा दिवस तेथे होत्या, त्यातले पाच श्वासाच्या यंत्रावर. त्या परत आल्या नाहीत. तेराव्याला गल्लीत तेच वाक्य ऐकले.

त्यांना शुगर होती, हे खरेच. पण दोन महिने गोळ्या नव्हत्या, आणि एक दिवस विड्यांवरून उठले तर चुलीचा प्रश्न होता, हेही तितकेच खरे. आपण यातले पहिले तेवढे बोलतो, कारण उरलेल्या दोन गोष्टींचा जाब कोणाला तरी द्यावा लागेल.

माझ्या व्यवसायबंधूंनाही येथे दोन शब्द सुनावणे भाग आहे. ताप आला की एक वेदनाशामक सुई, तिच्याबरोबर थोडे स्टेरॉइड आणि वर एक सलाईन, हा पुष्कळ दवाखान्यांतला ठरलेला बेत आहे. रुग्णही तोच मागतात. ‘सुई मारा, लगेच उतरतो’ असे म्हणून. संध्याकाळपर्यंत ताप उतरतो, रुग्ण खूश होतो, आणि मधुमेहीची साखर दुसऱ्या दिवशी चारशेच्या पुढे जाते. स्टेरॉइड हे वेळेवर दिले तर अमृत आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून दिसले की करोनात डेक्सामेथासोनने जीव वाचतात. पण ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला होता त्यांचेच. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा आढळला नाही. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरबसल्या, पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलेले किती रुग्ण आपण पाहिले! अनियंत्रित साखर आणि वर स्टेरॉइड, यांतून ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस आला. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण देशात सर्वांत जास्त होते. कोणाचा वरचा जबडा गेला, कोणाचा डोळा. ती माणसे अजून आपल्या जिल्ह्यात आहेत, विसरण्यासारखी गोष्ट नाही.

सलाईनचेही तसेच. मधुमेहीला ग्लुकोजची बाटली आणि कमकुवत हृदयाच्या माणसाला भराभर सोडलेली कोणतीही बाटली घातक ठरू शकते. पाणी फुफ्फुसात साठते आणि रात्री दोनला माणूस धापा टाकत उठतो. जो तोंडाने पिऊ शकतो त्याला सलाईनची गरज नाही, हे मी सांगून दमलो.

नेहमीच्या गोळ्यांचे तापात काय करायचे? येथे सरसकट उत्तर नाही, म्हणूनच पहिल्या दिवशी विचारावे. इन्सुलिन स्वतःहून कधीही बंद करू नये; जेवण कमी म्हणून मात्रा बदलावी लागेल, पण ती डॉक्टरने. उलट्या-जुलाब होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढून टाकणाऱ्या नव्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन वगैरे) काही दिवस थांबवाव्या लागतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे तेच. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन डेंग्यूचा संशय असेल तर डॉक्टरला विचारूनच पुढे चालू ठेवावी किंवा थांबवावी. स्वतः निर्णय घेऊ नये, कारण स्टेंट बसवलेल्या माणसाने ती अचानक सोडणेही धोक्याचे असते. दम्याचे पंप मात्र तापात बंद करू नयेत. ‘ताप आहे म्हणून पंप थांबवला’ हे मी दरवर्षी ऐकतो. त्याला काही आधार नाही.

डेंग्यूचा उल्लेख आला आहे तर तेही सांगून टाकतो. पाण्याची पिंपे भरून ठेवण्याची आपल्या शहराला वर्षानुवर्षांची सवय आहे, त्यामुळे डासांची सोय आपणच करतो. डेंग्यूत ताप उतरल्यावर लोक निश्चिंत होतात, पण खरी काळजीची वेळ ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र काढू नये. मधुमेह, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत ही अवस्था जास्त अवघड होते, कारण त्यांना पाणी कमी पडले तरी पंचाईत आणि जास्त झाले तरी. डेंग्यूची शंका असताना पॅरासिटामॉलखेरीज तापाची दुसरी गोळी नको.

करोनात घरोघरी घेतलेला तो बोटाला लावायचा चिमटा, ऑक्सिमीटर, कोठेतरी ड्रॉवरमध्ये पडला असेल. सेल बदलून तो चालू करून ठेवावा. तापात दिवसातून तीन-चार वेळा बघावा. बसून ९४ च्या खाली आला तर थांबू नये. बसून ठीक असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा बघावा. आकडा तीन-चारने घसरला तरी तो इशारा समजावा. ज्यांना फुफ्फुसाचा जुना विकार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, म्हणून त्यांनी बरे असताना तो लिहून ठेवावा. हाताला मेंदी किंवा नखांना रंग असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नये, दुसरे बोट बघावे. वयस्कर माणसात कधी ताप फारसा नसतो. एकदम गोंधळल्यासारखे बोलणे, जेवण सोडणे, अंथरुणातून न उठणे हीच लक्षणे असतात.

लसीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. ती घेतली तरी फ्लू होऊ शकतो, पण दवाखान्यात दाखल होण्याची वेळ कमी येते. परिणाम यायला दोन आठवडे लागतात, म्हणून आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. खासगीत ती दीड-दोन हजारांच्या घरात जाते, हे मान्य. २०१५ च्या साथीनंतर राज्य शासनाने गरोदर माता आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ती सरकारी दवाखान्यांतून मोफत द्यायला सुरुवात केली. साठा नेहमी सारखा नसतो, पण विचारल्याशिवाय मिळतही नाही. जाऊन विचारावे. फ्लूपाठोपाठ येणाऱ्या जिवाणूंच्या न्यूमोनियावर वेगळी लस आहे, तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

शासनाकडे माझे एकच मागणे आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा कार्यक्रम देशभर चालू आहे. आशाताई घरोघर फिरून अर्ज भरतात, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी नावे संगणकात घालतात. म्हणजे गावोगावच्या मधुमेहींची यादी सरकारकडे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत, प्रौढांमध्ये ११.४ टक्के. यादी लहान नाही, पण तयार आहे. दर मे महिन्यात तीच यादी घेऊन आशाताईंना घरोघर पाठवावे. दोन महिन्यांच्या गोळ्या पोचवाव्यात, लस कोठे मिळेल ते सांगावे आणि ताप आला की पहिल्या दिवशी कोठे जायचे याचा कागद द्यावा. आशाताईंना त्याचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे, फुकटची कामे त्यांच्या माथी पुष्कळ झाली. आणि विडी, यंत्रमाग, गारमेंटच्या भागात निदान पावसाळ्यापुरता संध्याकाळी सात ते नऊ सरकारी दवाखाना उघडा ठेवावा. मजुरी बुडवून पहिल्या दिवशी कोणी येणार नाही, हे मी येथे बसून रोज पाहतो.

शेवटी वारीला जाणाऱ्यांसाठी. आळंदी-देहूपासून चालत येणाऱ्यांत मधुमेही आणि हृदयरुग्ण भरपूर असतात. ‘जाऊ नका’ असे मी कोणाला म्हटलेले नाही, म्हणून कोणी ऐकणारही नाही. निघण्यापूर्वी दोन आठवडे लस घ्यावी. महिनाभराच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून घ्याव्यात, एक पुडी पिशवीत आणि एक दिंडीच्या ट्रकमधल्या वळकटीत. इन्सुलिन उन्हात राहू देऊ नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ते बरे टिकते. नाव, आजार, गोळ्या आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद जवळ ठेवावा, आणि ताप भरला की पालखी मार्गावरच्या वैद्यकीय पथकाला तो आधी दाखवावा. कागदाची दुसरी प्रत दिंडीप्रमुखाकडे द्यावी, कारण वाटेत चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या खिशातला कागद बहुधा पावसात भिजलेला असतो.